उसन्या चालीचा हिशेब

माझ्याकडे एक नव्वद मिनिटांची कॅसेट होती. मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. कुठल्यातरी बंदरावरून त्याने मूळ कॅसेट आणली आणि डबल डेकवर तिची नक्कल मला करून दिली. कोरी कॅसेट विकत घेणं तेव्हा जिवावर यायचं. म्हणून आजोबांच्या कपाटातली एक जुनी काढली, वरची खाच सेलोटेपने बुजवली आणि त्याच फितीवर नवं भरलं. अल्बम तासाभराहून थोडा मोठा, त्यामुळे बी साइड निम्मी झाली की रॅप संपायचं, खटकन आवाज व्हायचा आणि अर्ध्या ओळीतूनच 'स्वयंवर'मधलं एक पद सुरू व्हायचं. आजोबांनी ते आकाशवाणीवरून उतरवून घेतलेलं. ते पद कुठलं हे मला ठाऊक होतं, पण तिथे ते कधी उपरं वाटलं नाही. ज्या अल्बममध्ये अमेरिकन गायक जॉनी कॅश आहे, फ्रेंच शिकवणारी तबकडी आहे, लहान मुलांना पाढे शिकवणारं टीव्हीवरचं गाणं आहे, त्यात एक नाट्यपद सहज खपून गेलं.

तो अल्बम म्हणजे डी ला सोल या न्यूयॉर्कच्या त्रिकुटाचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', १९८९ सालचा. पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, गाणी फोनवर आली. जगातलं बरंवाईट सगळं फोनवर मिळायला लागलं, हा अल्बम मात्र मिळेना. २०१० सालच्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला, म्हणजे देशाचा ठेवा म्हणून जपायचं ठरवलं. आणि त्याच देशातल्या माणसाला तो फोनवर रीतसर पैसे मोजून ऐकायला ३ मार्च २०२३ उजाडावा लागला. सरकारी तिजोरीत जपलेली वस्तू बाजारात मिळत नाही, कारण तिच्यात इतरांच्या गाण्यांचे तुकडे आहेत आणि त्या तुकड्यांच्या कागदपत्रांचा गुंता सुटत नाही!

या गुंत्याबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून नवं गाणं करणाऱ्याकडून पैसे घ्यावेत, नाव लावून घ्यावं, हे शंभर टक्के मान्य. पण 'तू हे करूच नकोस' असं म्हणण्याचा अधिकार कायद्याने तुकड्याच्या मालकाला देऊ नये. आज तो दिलेला आहे, आणि त्याने एका कलेचा गळा आवळला गेला. ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं, त्या मूळ वाजवणाऱ्यांच्या हातीही फारसं काही लागलं नाही.

आधी ही कला काय आहे ते बघू, कारण आपल्याकडे अजून 'आयत्या बिळावर नागोबा' एवढ्यावरच तिची बोळवण होते.

केल्विन मर्सर, डेव्ह जोलिकूर आणि व्हिन्सेंट मेसन ही तीन पोरं लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिल या उपनगरातली. डेव्हने आपलं रंगमंचावरचं नाव ठेवलं 'ट्रुगॉय', म्हणजे 'योगर्ट' उलटं वाचलेलं, कारण त्याला दही आवडायचं. यावरून मंडळींचा एकंदर सूर कळावा. त्यांच्याच गावचा प्रिन्स पॉल हा निर्माता त्यांना भेटला आणि चौघांनी मिळून घरातल्या मोठ्यांच्या रेकॉर्डींचे गठ्ठे उपसले. स्टीली डॅनच्या एका गाण्याची लकेर घेतली, तिच्या जोडीला ओटिस रेडिंगची गोदीवर बसून घातलेली शीळ. हॉल अँड ओट्सचं गुळगुळीत पॉप गाणं घेतलं आणि त्यावर मादक पदार्थांच्या नादी लागू नका असं सांगणारं रॅप चढवलं. फंकाडेलिकच्या लांबलचक नाचाच्या गाण्यातून 'मी, माझं, मला' असं ठणकावणारं गाणं काढलं. तीन हा जादूचा आकडा आहे असं सांगणारं पाढ्यांचं गाणं तिघांनी स्वतःवरच लावून घेतलं. अल्बमचं नावसुद्धा जॉनी कॅशच्या पुराच्या गाण्यावरून घेतलेलं. त्याच्याकडे पाणी पाच फूट चढतं, यांच्याकडे तीन.

हे करायला त्या काळी काय लागायचं? सॅम्पलर नावाची पेटी, जिच्यात दुसऱ्या रेकॉर्डीवरचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, भरून हवा तसा वाजवता यायचा. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या तेव्हाच्या लाडक्या यंत्रात सगळा मिळून जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. मग पोरांनी युक्ती काढली: मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ४५वर पळवायची, आवाज चिपमंकसारखा होऊन कमी वेळात भरला जायचा, आणि पेटीत गेल्यावर तो पुन्हा हळू करायचा. त्या खटाटोपात आवाजाला जो खरखरीत, मातकट पोत यायचा, तोच पुढे या संगीताची ओळख झाला. म्हणजे तुटपुंज्या स्मरणशक्तीच्या यंत्राशी केलेल्या झटापटीतून आलेला हा नाद आहे. कुठला तुकडा कुठे संपवायचा, ढोलाचा ठोका किती केसभर मागे ठेवायचा, दोन वेगळ्या पट्टीतली गाणी एकमेकांना न चावता कशी बसवायची, हे कान तयार असल्याशिवाय होत नाही. एकदा करून बघा. मी संगणकावर करून बघितलंय. दोन तासांत हात जोडले.

आता या अल्बमला लागलेली ठेच. त्यात साधारण एका मिनिटाचा एक चुटका आहे. फ्रेंच शिकवणारी तबकडी बोलते आहे, आणि तिच्याखाली एक तुकडा संथ फिरतो आहे. तो टर्टल्स या गटाच्या १९६८च्या गाण्यातला, वेग उतरवून घेतलेला. अल्बममधल्या बऱ्याच तुकड्यांची परवानगी रेकॉर्ड कंपनीने घेतली होती, हा निसटला. टर्टल्सच्या दोघा गायकांनी खटला भरला. कोर्टाबाहेर तडजोड झाली, पण तोवर सगळ्या रेकॉर्ड कंपन्यांचे वकील जागे झाले होते.

गंमत अशी की ते गाणं टर्टल्सने लिहिलेलंच नव्हतं. ते रॉजर मॅगिन आणि जीन क्लार्क या बर्ड्स गटातल्या दोघांचं. टर्टल्सने ते गायलं, वाजवलं, ध्वनिमुद्रित केलं. कायद्याच्या डोळ्यांनी एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: चाल आणि शब्द ही एक, आणि त्या चालीचं अमुक दिवशी अमुक स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण ही दुसरी. टर्टल्सना पहिली वापरायला मिळाली. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं तर कुणीही पुन्हा गाऊ शकतो. ठरलेला मोबदला भरला की झालं, लेखकाची परवानगी लागत नाही. डी ला सोलला मात्र दुसरी हवी होती, आणि तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. एकाच गाण्यावर दोघांनी आपापलं गाणं उभं केलं. एकाच्या वाट्याला पावती आली, दुसऱ्याच्या वाट्याला नोटीस.

डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या विनोदी रॅपरचा खटला निघाला. त्याने गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाजलेल्या गाण्याचा तुकडा घेतला होता. न्यायमूर्ती केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवात बायबलमधल्या आज्ञेने केली: चोरी करू नकोस. फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवण्यापर्यंत ते गेले. निकालपत्र उणंपुरं काही पानांचं, त्यात संगीताविषयी विचार जवळपास नाही. बिझ मार्कीने पुढच्या अल्बमचं नाव ठेवलं 'सगळे सॅम्पल्स परवानगीने'. रॅपरला कोर्टाने शिकवलेला धडा असा मुखपृष्ठावरच आला. २००५ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने दोर आणखी आवळला. एन.डब्ल्यू.ए. या गटाने फंकाडेलिकच्या गाण्यातली दोन सेकंदांची गिटार घेऊन, खालच्या पट्टीत नेऊन, फिरवत ठेवली होती. न्यायालय म्हणालं, परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. किती छोटा तुकडा, ओळखू येतो की नाही, हे प्रश्नच नकोत. २०१६ मध्ये पश्चिमेकडच्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या गाण्यातल्या ०.२३ सेकंदाच्या तुतारीच्या फुंकरीबद्दल नेमका उलटा निकाल दिला. म्हणजे आज अमेरिकेत एका राज्यात जे गाणं आहे, ते दुसऱ्या राज्यात चोरी ठरू शकतं.

या निकालांनी काय झालं हे ऐकायचं तर कानांनीच ऐकावं. पब्लिक एनिमी या रॅप गटाचे १९८८ आणि १९९०चे अल्बम लावा. एकेका गाण्यात डझनावारी तुकडे, सायरन, भाषणं, ढोल, सगळं एकमेकांवर आदळतंय, रस्त्यावर दंगल उसळल्यासारखं. बीस्टी बॉइजच्या १९८९च्या अल्बममध्ये शंभराहून अधिक तुकडे आहेत. त्यानंतरच्या दहा वर्षांतली रॅपची गाणी लावा. एक तुकडा, तोही ओळखीचा, अख्ख्या गाण्यात फिरत राहतो. कारण साधं आहे: दहा तुकडे घ्यायचे तर वीस मालकांच्या दारात जायचं, त्यातले दहा चालीचे, दहा ध्वनिमुद्रणाचे, आणि प्रत्येकजण निम्मा वाटा मागणार. एकाच गाण्याचे दहा निम्मे वाटे कुठून आणायचे? त्यापेक्षा एकच महागडा तुकडा घ्यायचा. तो परवडणार कुणाला, तर ज्याच्या पाठीशी मोठी कंपनी आहे त्याला. चिंध्या जोडून गोधडी शिवणारे मागे पडले, पैठणीचा काठ विकत घेणारे उरले. ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या डी ला सोलच्या मित्रगटाचं सर्वांत लाडकं गाणं घ्या. त्यात लू रीड या गायकाच्या गाण्यातली बेस गिटार आहे. त्या गाण्याचे पैसे सगळेच्या सगळे लू रीडकडे गेले. रॅप लिहिणाऱ्यांना, म्हणणाऱ्यांना शून्य.

इथे समोरून येणारा आक्षेप मला चांगलाच ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. ज्याने घाम गाळून ढोल वाजवला त्याचं काय? १९६९ मध्ये विन्स्टन्स या गटाच्या एका रेकॉर्डीच्या मागच्या बाजूला ग्रेगरी कोलमन नावाच्या ढोलवाल्याने सहा-सात सेकंद एकट्याने ढोल वाजवला. ते सहा-सात सेकंद पुढे हजारो गाण्यांत गेले. ब्रिटनमध्ये तर त्यावर नाचाच्या संगीताचा अख्खा प्रकार उभा राहिला. कोलमन २००६ मध्ये अटलांटात गेला, तेव्हा तो बेघर होता. पैसा मिळालाच नव्हता. जेम्स ब्राउनचा ढोलवाला क्लाइड स्टबलफील्ड याने १९७०च्या एका गाण्यात जो ठेका धरला, त्याच्यावर निम्मं हिप हॉप नाचलं. पब्लिक एनिमीने तो वापरला, बाकी कुणी कुणी वापरला याची मोजदाद अवघड. गाण्यावर नाव जेम्स ब्राउनचं, हक्क त्याचे आणि कंपनीचे. क्लाइडला कॅन्सर झाला तेव्हा दवाखान्याचं बिल भरलं गायक प्रिन्सने, आणि तेही त्याने कुणाला कळू दिलं नाही.

ही माणसं लुबाडली गेली. प्रश्न एवढाच की कुणी लुबाडली, आणि परवानगीच्या कायद्याने त्यांना काय दिलं? या दोन ढोलवाल्यांच्या हातात परवानगी देण्या-न देण्याचा हक्क कधी आलाच नाही, कारण ढोल वाजवणारा हा गाण्याचा मालक समजला जात नाही. दोन सेकंदांच्या गिटारीचा तो खटलाही फंकाडेलिकने भरला नव्हता. तो ब्रिजपोर्ट नावाच्या कंपनीने भरला, जिच्याकडे या गाण्यांच्या चालींचे हक्क कागदोपत्री होते. या कंपनीने आणि तिच्या भगिनी कंपन्यांनी २००१ मध्ये सुमारे ८०० प्रतिवादींना एकाच वेळी कोर्टात खेचलं होतं. फंकाडेलिकचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन वर्षानुवर्षं म्हणत आला की माझे हक्क माझ्याकडून काढून घेतले गेले. तोच क्लिंटन १९९०च्या दशकात आपल्या गाण्यांचे तुकडे सीडीवर भरून विकत होता, बरोबर परवान्याचे कागद जोडून: हवे ते उचला, तुमची रेकॉर्ड खपली तर खपलेल्या प्रतीमागे पैसे द्या, नाही खपली तर सोडून द्या. ज्याच्या गटाच्या गिटारीवरून देशातला सर्वांत कडक निकाल लागला, त्या माणसाची स्वतःची मागणी ही अशी होती.

आपल्या मुंबईचाही या प्रकरणात एक धागा आहे, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' हे गाणं तिकडे पहिल्या दहांत गेलं. त्यात मागे स्पष्ट ऐकू येतो तो लता मंगेशकरांचा आवाज: 'थोडा रेशम लगता है', चित्रपट 'ज्योती', १९८१, संगीत बप्पी लाहिरी. निर्माता डीजे क्विकने टीव्हीवर लागलेलं ते ऐकलं आणि उचललं. एखाद्या ओळीपुरतं नव्हे, गाण्याभर. रेकॉर्डीवर ना लतादीदींचं नाव, ना बप्पीदांचं. हे मी कलेच्या नावाखाली खपवून घेणार नाही. परदेशी गाणं आहे, कोण विचारतंय, हीच त्यामागची वृत्ती. बप्पीदा लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले आणि २००३ मध्ये कोर्टाने सांगितलं, त्यांचं नाव लावल्याशिवाय सीडी विकायची नाही. (तोवर मुंबईत त्याच गाण्याचं 'कलियों का चमन' या नावाने रिमिक्स निघून लग्नाच्या वरातीत वाजायला लागलं होतं. मुंबई, लॉस एंजेलिस आणि परत मुंबई. एका रेशमाचे किती धागे निघावेत!)

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. खटला अनेक वर्षं चालला, आणि शेवटी निघालं काय, तर बप्पी लाहिरींकडे त्या चालीचे हक्कच नव्हते. चित्रपटासाठी चाल बांधली तेव्हाच ते निर्मात्याकडे गेलेले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने हे कायम केलं आणि हे ठाऊक असूनही दावा रेटल्याबद्दल त्यांच्या वकिलाला सुमारे अडीच लाख डॉलरचा भुर्दंड बसला. चाल बांधणारा माणूस त्याच चालीसाठी कोर्टात परका ठरला. गाणाऱ्या बाईंचं तर कोर्टात नावही नको.

लतादीदींना हे आधीच कळलेलं होतं. साठच्या दशकात त्यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून हट्ट धरला, त्यावरून राज कपूरशी वाजलं, मोहम्मद रफींशी वाजलं. रफीसाहेबांचं म्हणणं होतं, गायलो, पैसे घेतले, विषय संपला. दोघांनी काही काळ एकत्र गाणंच सोडलं. तेव्हा लतादीदींना लोक हट्टी, पैशाच्या लोभी म्हणाले. आपल्या कायद्यात गायकांच्या रॉयल्टीचा हक्क आला २०१२च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कुणाला लिहून घेता येणार नाही असं ठरवलं. ५० वर्षं उशिरा, पण आलं. लतादीदींनी मागितला तो वाटा. माझ्या आवाजाला कुणी हात लावू नये यासाठी ते भांडण नव्हतं.

आता माझ्या मुद्द्याला मी सगळ्यांत जास्त अडचणीत येतो ते इथे. कारण आपल्याकडे 'परवानगी नको, पैसे भरा' हा प्रयोग झालेला आहे आणि त्याची फळं सगळीच गोड नव्हती. आपल्या १९५७च्या कायद्यात एक कलम होतं: मूळ रेकॉर्ड येऊन दोन वर्षं झाली की नोटीस देऊन, ठरलेली रॉयल्टी भरून, कुणीही त्याच गाण्याची नवी रेकॉर्ड काढू शकतो. त्या वाटेने गुलशन कुमार यांनी जुन्या गाण्यांच्या नव्या गळ्यांतल्या स्वस्त कॅसेटी काढून बाजार काबीज केला. त्यातून नवे गायक पुढे आले आणि खेड्यापाड्यांत गाणं पोचलं, हे खरंच. त्याच वाटेने २००० नंतर रिमिक्सची ती लाट आली, जुन्या सुरेल गाण्यामागे धडाधडा ठोके आणि पुढे तोकडे कपडे. लतादीदी रिमिक्सवर उघड नाराज होत्या. मीही होतो. २०१२ मध्ये ते कलम आवळलं गेलं: दोन वर्षांची पाच झाली, मुळात फेरफार करायला बंदी आली, पैसे आगाऊ.

मग याच वाटेची शिफारस मी का करतो? एक तर वाईट रिमिक्स हा कायद्याने सोडवायचा प्रश्न नाही. वाईट नाटकांवर आपण बंदी घालत नाही, तिकीट काढत नाही. आणि दुसरं कारण आजोबांच्या त्याच कॅसेटवर आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८०च्या 'शाकुंतल'पासून आपल्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर छापलेलं असतं, 'चाल –', आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. कधी लावणी, कधी कानडी पद, कधी ठुमरी. 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या, आणि आज ती पदं मराठी माणूस स्वतःच्या रक्तातली म्हणून गातो. बंदिशकाराला पैसे मिळाले नाहीत, ही त्या पद्धतीची उणीव. पण उसनं घेतलं हे लपवायची गरज कुणाला वाटली नाही, आणि 'घेऊ का' म्हणून घराण्याघराण्यांच्या दारात ताटकळत बसावं लागलं असतं तर मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली नसती.

हे तोडगे अमेरिकेलाही परके नाहीत. १९०९ मध्ये तिथे स्वयंचलित पियानोचे छिद्रं पाडलेले कागदी रोल खपत होते. एखादी बडी कंपनी सगळी गाणी विकत घेऊन बसेल या भीतीने तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, नियम केला: गाणं एकदा यंत्रावर आलं की कुणीही प्रतीमागे २ सेंट भरून ते काढू शकतो. तोच दर २०२३ मध्ये १२ सेंट झाला. हा नियम वर आलाच आहे. हाच नियम चालीपुरता न ठेवता ध्वनिमुद्रणाच्या तुकड्याला लावा, एवढंच माझं म्हणणं. तुकडा किती लांब, गाण्यात किती वेळ फिरतो, यावर दर ठरवा. सगळ्या तुकड्यांचा मिळून वाटा एका मर्यादेपुढे जाणार नाही असं बघा, म्हणजे दहा निम्म्या वाट्यांचं गणित सुटेल. नाव लावणं सक्तीचं. आणि वाट्यातला ठरावीक हिस्सा थेट वाजवणाऱ्यांकडे जावा, कागद कुणाच्याही कपाटात असो. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे, कारण कंपन्या त्यालाच विरोध करतील.

एक अपवाद मात्र मी ठेवेन. माझा आवाज कुणी जाहिरातीत किंवा निवडणूक प्रचारात फिरवला तर मला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. नवं गाणं करणं वेगळं, आणि माझ्या तोंडून साबण विकणं वेगळं. ही रेष काही ठिकाणी पुसट होईल, मान्य. त्यासाठी कोर्टं आहेतच. त्यांनी पाव सेकंदाची फुंकर मोजण्यापेक्षा हे मोजावं.

डी ला सोलवर काय वेळ आली बघा. त्यांच्या तुकड्यांच्या करारांत रेकॉर्ड, कॅसेट असे शब्द होते. पुढे जे निघेल त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे करार नव्याने करावे लागणार होते. कंपन्या हात बदलत राहिल्या, कुणी त्या फंदात पडेना. २०१४च्या १४ फेब्रुवारीला कंटाळून त्यांनी आपले जुने अल्बम २५ तासांसाठी फुकट वाटून टाकले. चाहत्यांकडून वर्गणी मागितली तर १ लाख १० हजार डॉलर हवे असताना ६ लाखांहून अधिक जमले. त्या पैशांतून त्यांनी काय केलं? वादकांना बोलावून २०० तासांहून जास्त वेळ मनाला येईल ते वाजवायला लावलं, ते सगळं भरून ठेवलं, आणि मग त्यातून तुकडे कापून नवा अल्बम केला. शेजारच्या विहिरीवर कुलूप म्हणून अंगणात विहीर खणायची, आणि मग तिच्यातून चोरून प्यायल्यासारखं पाणी काढायचं. तो अल्बम चांगला आहे. पण त्यात जॉनी कॅश नाही, फ्रेंच मास्तर नाही, कुणाच्या वडिलांच्या कपाटातली धूळ नाही.

२०१९ मध्ये जुना अल्बम फोनवर येणार अशी बातमी आली, तेव्हा त्यांनी जाहीर सांगितलं की शंभरातले नव्वद कंपनी घेणार आणि दहा आम्हाला देणार. बोलणी फिसकटली. २०२१ मध्ये त्या कंपनीचं सगळं भांडार १० कोटी डॉलरच्या आसपास विकलं गेलं, नव्या मालकाने त्यांच्याशी जमवून घेतलं, आणि दोनेक वर्षं एकेका तुकड्याचे कागद शोधण्यात गेली. काही तुकडे सुटलेच नाहीत. ते नव्याने वाजवून बसवावे लागले. म्हणजे फोनवर जो आला, तो अगदी माझ्या कॅसेटवरचा नाही.

३ मार्च २०२३ला तो आला. दही आवडणारा डेव्ह १२ फेब्रुवारीला गेला होता, वय ५४. तीन हा जादूचा आकडा आहे असं म्हणणाऱ्यांपैकी तो ऐकायला दोघेच होते.